'व्हेरी', 'एक्स्ट्रीमली' आणि 'टू': इंग्रजीत 'खूप' कसं म्हणायचं

पावसाळ्यात हवामान खात्याचं इंग्रजी बुलेटिन उघडलं की तीन शब्दप्रयोग हमखास दिसतात: 'हेवी', 'व्हेरी हेवी' आणि 'एक्स्ट्रीमली हेवी'. आपण बोलताना यातला कुठलाही कुठेही वापरतो, पण खात्याला तशी मुभा नाही. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस पडला तर तो 'हेवी'. ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर असेल तर 'व्हेरी हेवी'. त्याच्याही वर गेला की 'एक्स्ट्रीमली हेवी', आणि मिलिमीटरच्या या शिडीतली ती शेवटची पायरी. मराठी बुलेटिनमध्ये आपण 'मुसळधार' आणि 'अतिमुसळधार' वाचतो, त्यामागेही हेच आकडे असतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. ज्यांनी ते पाणी घरातून उपसलं, त्यांना 'व्हेरी' आणि 'एक्स्ट्रीमली' यांतलं अंतर समजावून सांगायला नको.

रोजच्या इंग्रजीत असे मिलिमीटर कुणी मोजत नाही, हे खरं. तरीही ऐकणाऱ्याच्या मनात या शब्दांची उतरंड पक्की असते. मराठीत आपण एका 'खूप'वर सगळं भागवतो: खूप ऊन, खूप आवडलं, खूप लोक, खूप बरं वाटलं. नागपुरात त्याच जागी 'लय' येतो, गावाकडे 'मोप' येतो, आणि पोट्टे 'भल्ली मजा आली' म्हणतात. इंग्रजीत मात्र या प्रत्येक जागेला वेगळा शब्द लागतो. नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या नोकरीसाठी मुलाखत देणारे, आयएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारे, पेंच-ताडोब्यात परदेशी पाहुण्यांना जंगल दाखवणारे, अशा सगळ्यांच्या इंग्रजीत मला सर्वांत जास्त चुका इथेच दिसतात. व्याकरणाच्या पुस्तकात या विषयाला अर्धं पान मिळतं. माझ्या मते तो त्याहून बऱ्याच मोठ्या जागेचा धनी आहे, म्हणून इथे पायरीपायरीने आणि सवडीने लिहितो.

आधी उच्चार आणि स्पेलिंग

आपण 'एक्स्ट्रीमली' लिहितो आणि बोलतानाही 'एक्स'वर जोर देतो. इंग्रजीत सुरुवातीचा स्वर 'इ'च्या जवळचा आहे आणि जोर मधल्या 'स्ट्रीम'वर येतो: इक्-स्ट्रीम्-ली. 'स्ट्रीम' थोडं लांबवून म्हटलं की शब्दातली तीव्रता आपोआप ऐकू येते.

स्पेलिंगमध्ये एकच गोम आहे. 'एक्स्ट्रीम'च्या शेवटी 'ई' आहे, आणि पुढे 'एल-वाय' लागला तरी तो 'ई' तसाच राहतो. 'ट्रू'चं 'ट्रूली' करताना 'ई' गळतो, त्यामुळे मुलं इथेही तो गाळून टाकतात.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'सर्वांत बाहेरचा', म्हणजे ज्याच्या पलीकडे काही नाही असा. हवामान खात्याने तो शेवटच्या पायरीसाठी ठेवला आहे, त्यात शब्दाच्या कुळाचाही मान राखला गेला आहे. 'व्हेरी'चं कूळ वेगळं. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ 'खरा'. आपण 'खरंच छान आहे' म्हणतो तेव्हा 'खरंच' हा शब्दही तीव्रताच वाढवत असतो. इंग्रजीतला 'रिअली' आजही हेच काम करतो.

पहिली पायरी: विशेषणाला 'किती?' विचारा

तीव्रतेचा शब्द निवडण्याआधी त्याच्या पुढे कोणतं विशेषण येणार आहे ते बघा. चूक टाळण्याची निम्मी युक्ती इथेच आहे, आणि बहुतेक जण नेमकं हेच करत नाहीत. ते आधी 'व्हेरी' किंवा 'एक्स्ट्रीमली' तोंडात तयार ठेवतात आणि मग विशेषण शोधतात.

काही विशेषणं शिडीसारखी असतात. 'हॉट' घ्या. किती गरम? थोडं, बऱ्यापैकी, खूप, अतिशय. नागपूरच्या हवेवरून ही शिडी सहज पाठ होते. फेब्रुवारीच्या दुपारी 'अ बिट वॉर्म'. मार्चमध्ये 'फेअरली हॉट' किंवा बोलीत 'प्रिटी हॉट'. एप्रिलमध्ये 'व्हेरी हॉट'. मेच्या शेवटी नवतपा लागला की 'एक्स्ट्रीमली हॉट'. इथला 'प्रिटी' म्हणजे सुंदर नव्हे, 'बऱ्यापैकी'. 'टायर्ड', 'एक्स्पेन्सिव्ह', 'डिफिकल्ट', 'इम्पॉर्टंट', 'बिझी', 'क्राउडेड' ही सगळी शिडीची विशेषणं आहेत. यांच्या आधी 'व्हेरी' आणि 'एक्स्ट्रीमली' दोन्ही बिनधास्त चालतात.

दुसऱ्या प्रकारात शिडीच नसते, थेट टोक असतं. 'पॉसिबल' आणि 'इम्पॉसिबल', 'डेड', 'फुल', 'परफेक्ट', 'मॅरिड'. 'थोडा मेलेला' किंवा 'बऱ्यापैकी विवाहित' असं आपण मराठीतही म्हणत नाही. या विशेषणांना 'किती?' हा प्रश्न लागूच पडत नाही, म्हणून 'एक्स्ट्रीमली इम्पॉसिबल' कानाला खटकतं. इथे 'संपूर्णपणे' या अर्थाचे शब्द लागतात: 'ॲब्सोल्यूटली इम्पॉसिबल', 'कम्प्लीटली फुल', 'टोटली डिफरंट'.

दुसरी पायरी: ज्यांच्या पोटातच 'खूप' आहे अशी विशेषणं ओळखा

ही पायरी सावकाश वाचा. इंग्रजीत कितीतरी विशेषणं अशी आहेत की त्यांच्या अर्थात 'खूप' आधीच मुरलेलं असतं. 'फ्रीझिंग' म्हणजे खूप थंड. 'एक्झॉस्टेड' म्हणजे खूप थकलेला. त्यांच्या आधी पुन्हा 'व्हेरी' लावलं की एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं होतं.

या विशेषणांच्या जोड्या करून वहीत लिहा, म्हणजे त्या डोक्यात बसतात. 'हॉट'ची टोकाची जोडी 'बॉयलिंग' किंवा 'स्कॉर्चिंग'. 'कोल्ड'ची 'फ्रीझिंग'. 'हंग्री'ची 'स्टार्व्हिंग', 'टायर्ड'ची 'एक्झॉस्टेड', 'अँग्री'ची 'फ्युरिअस'. 'बिग'ची 'ह्यूज', 'स्मॉल'ची 'टायनी', 'गुड'ची 'एक्सलंट', 'बॅड'ची 'टेरिबल', 'टेस्टी'ची 'डिलिशस', 'क्राउडेड'ची 'पॅक्ड', 'डर्टी'ची 'फिल्दी', 'सरप्राइज्ड'ची 'अस्टॉनिश्ड'.

नियम असा की जोडीतल्या पहिल्या शब्दाला 'व्हेरी' किंवा 'एक्स्ट्रीमली' आणि दुसऱ्याला 'ॲब्सोल्यूटली'. संक्रांतीच्या आधी सीताबर्डीच्या मेन रोडवर संध्याकाळी गेलात तर 'द मार्केट वॉज एक्स्ट्रीमली क्राउडेड' म्हणा, नाहीतर 'द मार्केट वॉज ॲब्सोल्यूटली पॅक्ड'. 'एक्स्ट्रीमली पॅक्ड' नको. 'ॲब्सोल्यूटली क्राउडेड' तर त्याहून नको, कारण 'ॲब्सोल्यूटली'ला टोक लागतं आणि 'क्राउडेड'ला टोक नाही.

'रिअली' हा शब्द दोन्ही गटांत चालतो: 'रिअली हॉट' बरोबर, 'रिअली बॉयलिंग'ही बरोबर. बोलता बोलता गट आठवला नाही तर 'रिअली' वापरून मोकळे व्हा. मुलाखतीत नियम आठवत थांबण्यापेक्षा ते कधीही बरं. औपचारिक पत्रात मात्र 'रिअली' जरा सैल वाटतो, तिथे थोडा विचार करून शब्द निवडा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही बोलताना 'एक्स्ट्रीमली डिलिशस' किंवा 'व्हेरी युनिक' म्हणून जातात. 'युनिक'वर तर त्यांच्यातच वाद आहे: 'एकमेव' असलेली गोष्ट 'खूप एकमेव' कशी असेल, असं जुन्या वळणाच्या लोकांचं म्हणणं. बोलण्यात हे खपतं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि अर्जात त्या वाटेला जाऊ नका.

तिसरी पायरी: 'टू' म्हणजे 'खूप' नाही

'टी'च्या पुढे दोन 'ओ' असलेला 'टू' आपल्याकडे 'व्हेरी'चा मोठा भाऊ समजला जातो. मराठीत 'खूप'ला 'च' लावून आपण 'खूपच' करतो, आणि त्या 'खूपच'साठी मनात 'टू' येतो. मुलाखतीच्या तयारीत हा संवाद पुन्हा पुन्हा होतो:

'आय ॲम टू हॅप्पी टु जॉइन युअर कंपनी.'

'याचा अर्थ काय झाला?'

'सर, मला जॉइन व्हायला खूपच आनंद होतो.'

'नाही. मी इतका आनंदात आहे की मला जॉइन होताच येत नाही, असा झाला.'

'बाप्पा! काहून?'

कारण 'टू'च्या पोटात एक नकार आहे. 'टू' म्हणजे गरजेपेक्षा जास्त, मर्यादेच्या बाहेर. त्याच्या मागे 'म्हणून जमत नाही' असं एक वाक्य लपलेलं असतं. 'इट इज टू हॉट टु गो आउट' म्हणजे ऊन इतकं आहे की बाहेर जाता येत नाही. 'द बॅग इज टू हेवी' म्हणजे बॅग उचलत नाही. म्हणून एक सोपी परीक्षा ठेवा. वाक्याच्या शेवटी 'म्हणून जमत नाही' जोडून बघा. ते शोभलं तर 'टू', नाही शोभलं तर 'व्हेरी' किंवा 'एक्स्ट्रीमली'.

सावजीच्या भोजनालयात पाहुण्याला रस्सा वाढला आणि तो 'इट्स व्हेरी स्पायसी' म्हणाला, तर तो चवीचं वर्णन करतोय आणि कदाचित आणखी मागेल. 'इट्स टू स्पायसी' म्हणाला, तर त्याला तो जात नाहीये. त्याच्यापुढे दही ठेवा.

जंगलात ही चूक जास्त गंभीर होते. समजा पेंचमध्ये सकाळच्या फेरीत रस्त्याच्या कडेला वाघीण बसलेली दिसली. गाइड आनंदाने मागे वळून म्हणतो, 'मॅडम, टायगर इज टू क्लोज!' त्याला सांगायचंय, 'बघा, किती जवळ दिसतेय, नशीब आहे तुमचं.' ऐकणाऱ्या बाईंच्या कानावर पडतं, 'वाघीण धोकादायक अंतरावर आली आहे.' त्या कॅमेरा खाली ठेवतात आणि ड्रायव्हरकडे बघतात. 'शी इज व्हेरी क्लोज' म्हटलं असतं तर त्यांनी फोटो काढला असता. आणि वाघीण खरोखरच जिप्सीवर येत असेल तेव्हा 'टू क्लोज' हाच नेमका शब्द, तेव्हा तो राखीव असला पाहिजे.

'टू मच हॉट' हा आपला आवडता प्रयोग. 'टू मच'नंतर नाम येतं: 'टू मच शुगर', 'टू मच ट्रॅफिक'. विशेषणाआधी नुसता 'टू' लावायचा: 'टू हॉट'. गंमत म्हणजे हेच दोन शब्द उलटे केले की वाक्य शुद्ध होतं: 'मच टू हॉट', म्हणजे मर्यादेच्या कितीतरी बाहेर.

अपवाद थोडे आहेत, पण ते माहीत असावेत. कुणी मदत केली तर 'यू आर टू काइंड' म्हणतात, ते कौतुकच असतं. 'आय ॲम ओन्ली टू हॅप्पी टु हेल्प' म्हणजे मदत करायला मला आनंदच आहे. इथे 'ओन्ली'ने 'टू'मधला नकार काढून घेतला. 'नॉट टू बॅड' म्हणजे 'ठीक चाललंय'. आपल्या मित्रमंडळीत 'टू गुड यार' चालतं आणि सगळ्यांना कळतं, त्याला माझी हरकत नाही. परदेशी ग्राहकाला 'युअर ऑफर इज टू गुड' लिहिलंत, तर मात्र तुम्हाला त्याच्या ऑफरवर शंका आहे असं त्याला वाटू शकतं.

चौथी पायरी: क्रियापदाला 'व्हेरी' लावू नका

'मला पोहे खूप आवडतात.' या वाक्यात 'खूप' क्रियापदाशी जोडलेला आहे. मराठीत त्यात काहीच वावगं नाही. त्यावरून 'आय व्हेरी लाइक पोहे' तयार होतं. इंग्रजीत 'व्हेरी' आणि 'एक्स्ट्रीमली' हे विशेषणाच्या किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाच्या आधी येतात, क्रियापदाला ते थेट लागत नाहीत. 'एक्स्ट्रीमली हॉट' बरोबर, 'एक्स्ट्रीमली स्लोली' बरोबर, 'आय एक्स्ट्रीमली लाइक' चूक.

क्रियापदासाठी दोन रस्ते आहेत. एक, 'आय रिअली लाइक तर्री पोहे.' दुसरा, 'आय लाइक तर्री पोहे व्हेरी मच.' दुसऱ्यात 'व्हेरी मच' शेवटी येतो, आवडलेल्या वस्तूच्या नंतर. 'आय लाइक व्हेरी मच पोहे' असा तो मध्ये घुसवायचा नाही.

काही क्रियापदांनी आपला सोबती आधीच निवडलेला आहे. शिफारस करायची तर 'आय स्ट्राँगली रेकमेंड'. गरज असेल तर 'आय बॅडली नीड'. इथे 'बॅडली' म्हणजे वाईट रीतीने नव्हे, 'नितांत'. सहमती 'आय फुली ॲग्री', खेद 'वी डीपली रिग्रेट', आभार 'आय ग्रेटली ॲप्रिशिएट'. अर्जात आणि ईमेलमध्ये लागणारी वाक्यं बहुतेक एवढ्यातच येतात. एकदा पाठ केली की कायमची कामी येतात.

'हार्ड' या शब्दापाशी मात्र थांबा. 'मी खूप मेहनत करतो' हे सांगताना मुलं 'हार्ड'ला 'एल-वाय' जोडून 'आय वर्क हार्डली' म्हणतात. 'हार्डली'चा अर्थ 'जेमतेम', 'नावापुरतं'. तुम्ही मुलाखत घेणाऱ्याला सांगितलंत की मी नावापुरतं काम करतो. 'आय वर्क व्हेरी हार्ड' म्हणा, 'हार्ड'ला काहीही जोडू नका.

पाचवी पायरी: 'खूप लोक' आणि 'खूप बरं'

हे दोन मुद्दे झटपट. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'मेनी', न मोजता येणाऱ्यांना 'मच', आणि गडबडीत दोन्हींना 'अ लॉट ऑफ'. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण म्हणून दीक्षाभूमीवर दरवर्षी लोक येतात, त्यांच्याबद्दल लिहिताना 'व्हेरी पीपल' नाही, 'अ लार्ज नंबर ऑफ पीपल' किंवा 'लाखो' या अर्थाने 'हंड्रेड्स ऑफ थाउजंड्स'.

तुलनेच्या शब्दांना 'व्हेरी' चालत नाही. 'व्हेरी बेटर' चूक. 'मच बेटर' किंवा 'फार बेटर' बरोबर. मराठीतल्या 'फार'चा आणि इंग्रजीतल्या 'फार'चा आवाज इथे योगायोगाने जुळतो, लक्षात ठेवायला सोपं. तसंच 'मच चीपर', 'फार मोअर डिफिकल्ट'.

सहावी पायरी: जमलेल्या जोड्या तोडू नका

या पायरीवर मराठी माणसाला खरं तर फायदा आहे, कारण आपली भाषा या बाबतीत फार श्रीमंत आहे. आपण रंग कधी नुसता 'खूप' लावून सांगतो का? पांढराशुभ्र, काळाकुट्ट, लालभडक, हिरवागार, पिवळाधमक. चवीला गोडमिट्ट, आंबटढाण, तिखटजाळ, कडूजहर. 'लालकुट्ट' किंवा 'काळाभडक' म्हटलं तर पहिलीतलं पोरगंही दुरुस्त करेल. 'भडक' लालबरोबरच का आणि 'कुट्ट' काळ्याबरोबरच का, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. ऐकून ऐकून बसलेलं असतं.

इंग्रजीतही अशा जोड्या आहेत. काळोख 'पिच डार्क', वस्तू 'ब्रँड न्यू', माणूस 'वाइड अवेक' किंवा 'फास्ट अस्लीप', भिजलेला 'सोकिंग वेट', कोरडी विहीर 'बोन ड्राय', कवडीमोल वस्तू 'डर्ट चीप'. यांच्यात 'व्हेरी' शोधायला जाऊ नका, पहिल्या शब्दातच तो आहे.

'एल-वाय'वाल्या शब्दांचंही तसंच. 'हायली' हा शब्द 'क्वालिफाइड', 'स्किल्ड', 'अनलाइकली', 'सक्सेसफुल' यांच्याशी जमतो. 'हायली बिग' किंवा 'हायली टायर्ड' जमत नाही. 'डीपली'ची सोबत भावनांशी: 'डीपली हर्ट', 'डीपली ग्रेटफुल'. 'बिटरली'ची थंडीशी आणि निराशेशी: 'बिटरली कोल्ड', 'बिटरली डिसअपॉइंटेड'. 'अटरली' बहुतेक वेळा वाईट गोष्टींबरोबर दिसतो: 'अटरली यूसलेस', 'अटरली रिडिक्युलस'. 'फुली' म्हटलं की 'फुली बुक्ड', 'फुली अवेअर'. वस्तूचं नुकसान झालं तर 'बॅडली डॅमेज्ड', पण माणूस गंभीर जखमी झाला तर 'सीरिअसली इंजर्ड' किंवा 'बॅडली इंजर्ड'. 'एक्स्ट्रीमली' यांतल्या काहींच्या जागी चालून जातो, कारण तो सर्वांशी मिळतंमिळतं घेणारा शब्द आहे. तरी जमलेली जोडी वापरली की वाक्य मुरलेल्या माणसाचं वाटतं.

आयएलटीएसच्या बोलण्याच्या परीक्षेत चार गोष्टींना समान गुण असतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. शब्दसंपत्ती म्हणजे अवघड शब्दांची रास असा समज आहे, आणि तो मुलांचं नुकसान करतो. परीक्षक शब्द एकमेकांशी नीट जमवता येतात का हेही बघतो. ११ ते १४ मिनिटांच्या त्या संभाषणात प्रत्येक वाक्यात 'व्हेरी' आला, तर बाकी कितीही चांगलं बोललात तरी शब्दांची गरिबी उघडी पडते.

सातवी पायरी: 'क्वाइट' जपून

'क्वाइट' हा शब्द समुद्र ओलांडला की बदलतो. ब्रिटिश माणूस 'क्वाइट गुड' म्हणाला तर बरेचदा त्याचा अर्थ 'ठीक आहे, बऱ्यापैकी'. अमेरिकन माणूस तेच म्हणाला तर 'खूप चांगलं'. टोकाच्या विशेषणाबरोबर मात्र दोघांकडेही अर्थ 'पूर्णपणे': 'क्वाइट इम्पॉसिबल', 'क्वाइट राइट'. आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे थोडे नव्हे, बरेच.

एखाद्या विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात शिक्षकाने प्रेमाने 'हिज वर्क इज क्वाइट गुड' लिहिलं आणि ते पत्र ब्रिटनमधल्या विद्यापीठात पोहोचलं, तर मुलाचं काम यथातथाच आहे असा निष्कर्ष निघू शकतो. शिक्षकांनी शिफारसपत्रात हा शब्द वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. 'व्हेरी गुड' किंवा 'एक्सलंट' लिहा, दोन्ही किनाऱ्यांवर अर्थ एकच. लिहिताना 'शांत' या अर्थाचा 'क्वायट' आणि हा 'क्वाइट' यांच्या शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल होते, तेवढी तपासा.

आठवी पायरी: नकारात 'व्हेरी' नरम होतो

'द रिपोर्ट इज नॉट व्हेरी गुड' हे शब्दशः 'फार चांगला नाही', पण बोलणाऱ्याच्या मनात बहुधा 'वाईट आहे' असतं. आपणही 'तब्येत काही फारशी बरी नाही' म्हणतो तेव्हा माणूस आजारीच असतो. परदेशी साहेबाने तुमच्या कामाला 'नॉट व्हेरी क्लिअर' म्हटलं तर ते किरकोळ समजून सोडू नका, पुन्हा करून द्या. तुम्हालाही तक्रार सौम्यपणे करायची असेल तर हाच साचा घ्या. 'एक्स्ट्रीमली' मात्र या साच्यात बसत नाही. 'नॉट एक्स्ट्रीमली गुड' असं सहसा कुणी म्हणत नाही.

नववी पायरी: लिहून झाल्यावर चाळणी लावा

ईमेल लिहून झाला की सगळे तीव्रतेचे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकापाशी विचारा, याच्या जागी आकडा किंवा ठोस तपशील देता येईल का? हवामान खातं उष्णतेबद्दलही हेच करतं. 'खूप खूप गरम' असं ते लिहीत नाही. कमाल तापमान ४५ अंशांवर गेलं की 'हीट वेव्ह', ४७ वर गेलं की 'सिव्हिअर हीट वेव्ह'. वाचणाऱ्याला शंका उरत नाही.

आता एक पूर्ण ईमेल घेऊ. नागपूरच्या ऑफिसमधून परदेशी ग्राहकाला लिहिलेला, अशा धर्तीचे ईमेल मी अनेक बघितले आहेत:

'आय ॲम टू हॅप्पी टु वेलकम यू इन नागपूर. मे इज टू मच हॉट हिअर, सो डिसेंबर इज व्हेरी बेटर. अवर ऑरेंजेस आर व्हेरी डिलिशस. आय व्हेरी लाइक युअर प्लॅन. द होटेल इज क्वाइट गुड.'

भावना उत्तम आहे, आणि ती पोहोचायलाच हवी. एकेक वाक्य घ्या. 'टू हॅप्पी टु' काढा आणि टोकाचं विशेषण आणा: 'आय ॲम डिलाइटेड दॅट यू आर कमिंग टु नागपूर.' 'डिलाइटेड'मध्ये 'खूप' आहेच, आधी काही लावायची गरज नाही. उन्हासाठी आकडा द्या: 'इन मे, द टेंपरेचर कॅन क्रॉस फॉर्टी-फाइव्ह डिग्रीज, सो डिसेंबर वुड बी मच बेटर.' ग्राहक स्वतःच ठरवेल की हे ऊन त्याच्यासाठी 'टू हॉट' आहे की नाही. संत्र्यांना शिडीचं विशेषण द्या आणि हंगाम सांगा: 'अवर ऑरेंजेस आर इन सीझन देन, अँड दे आर रिअली स्वीट.' त्याच्या आराखड्याबद्दल 'आय रिअली लाइक युअर प्लॅन', किंवा जास्त औपचारिक हवं असेल तर 'आय फुली सपोर्ट युअर प्लॅन.' हॉटेलसाठी 'क्वाइट' नको: 'द होटेल इज व्हेरी कम्फर्टेबल, अँड इट इज अ फाइव्ह-मिनिट वॉक फ्रॉम अवर ऑफिस.'

अख्ख्या ईमेलमध्ये 'व्हेरी' एकदा आला, 'रिअली' दोनदा आणि 'एक्स्ट्रीमली' एकदाही नाही. त्याला या ईमेलमध्ये कामच नव्हतं. उद्या हाच ग्राहक डेटा हरवल्याची तक्रार करेल आणि तुम्ही उत्तरात 'वी टेक धिस एक्स्ट्रीमली सीरिअसली' लिहाल, तेव्हा त्या शब्दाला वजन असेल.

सरावासाठी स्वतःचे जुने पाठवलेले ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरचे इंग्रजी मेसेज उघडा. 'व्हेरी', 'टू' आणि 'सो' हे शब्द शोधा आणि प्रत्येक वाक्य वरच्या पायऱ्यांतून न्या: पुढे विशेषण आहे की क्रियापद, विशेषण शिडीचं की टोकाचं, 'म्हणून जमत नाही' शोभतं का, जमलेली जोडी आहे का. जोडीबद्दल शंका आली तर नुसता अर्थ देणारा शब्दकोश पुरणार नाही, शब्दांच्या सोबती देणारा कोलोकेशन कोश उघडा. त्यात विशेषण शोधलं की त्याच्याबरोबर कोणकोणती क्रियाविशेषणं येतात ती यादी समोर येते. दुरुस्त केलेलं वाक्य मनात न ठेवता मोठ्याने म्हणा, 'स्ट्रीम'वर जोर देऊन.